पंचकाकांच्या अंगणातला खो

मी एसटीत कंडक्टर आहे. गाडी मागे घेताना मागच्या बाजूला उभं राहून शिट्टी मारायची, हे माझं रोजचंच काम. म्हणजे शिट्टी मी लोकांना मारते; मला कोणी मारलेली नव्हती. दारव्ह्याला बदली झाली, खोली बघायला म्हणून त्या घराचं फाटक ढकलून आत पाऊल टाकलं, आणि कानाशी अशी शिट्टी वाजली की हातातली पिशवी खाली पडली.

“फाऊल! चपला रेषेच्या भाईर!”

खाली पाहिलं. फाटकापासून हातभर आत पांढऱ्या फक्कीची रेष मारलेली. मैदान आखायची असते ना, तीच फक्की. ओट्यावर एक काटकुळे म्हातारे उभे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. मला वाटलं, चुकून कोण्या शाळेत शिरले की काय मी!

“खोली पाहाले आलो जी आमी,” मी म्हटलं.

“घरात खेळते कोन?”

अरे बापा! आजवर घरमालकांनी मला जात विचारली, नवरा काय करतो विचारलं, मटण शिजवता का विचारलं. कोण खेळते, हे विचारणारा पहिलाच भेटला. माझ्या मागं माझी आरू उभी होती, तेव्हा चौथीत. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बोट केलं आणि अंगणातल्या शेवग्याकडे दाखवलं. “झाडाले हात लावून ये. पळत.”

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी हातानंच जा म्हटलं. ती धावली, शेवग्याला हात लावून परत आली. म्हाताऱ्यानं कमरेची किल्ली काढली आणि माझ्या हातात नाही, तिच्या हातात दिली.

गल्लीत त्यांना सगळे पंचकाका म्हणत. नाव पाटीवर होतं, पण ते पोस्टमनशिवाय कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. एका शाळेत ते पीटीचे सर होते आणि आजूबाजूच्या तालुक्यांत खो-खोचे पंच. शाळेतून निवृत्त झाले, पंचगिरीतून नाही. सारं अंगण फक्कीनं आखलेलं. इथं कपडे वाळवायचे, इथं गाडी लावायची, इथं भांडी घासायची. रेष पुसली की सकाळी उठून पुन्हा मारायचे. कोणाचा टॉवेल दुसऱ्याच्या हद्दीत लोंबला की शिट्टी. नळ चालू राहिला की शिट्टी. आणि शिट्टी वाजली की हातात काहीही असो, जागच्या जागी थांबायचं. फाऊल काय ते सांगेपर्यंत हलायचं नाही. एकदा मी गॅसवरून दूध उतरवत होते, फाटक उघडं राहिलं म्हणून शिट्टी वाजली, आणि मी पातेल्याला हात न लावता तशीच थांबले! दूध सगळं शेगडीवर. त्यांच्या शिट्टीपेक्षा मला माझाच धक्का बसला. सरकारी नोकरी करणारी बाई मी, अख्खी गाडी माझ्या घंटीवर चालते, आणि या म्हाताऱ्याच्या फुंकरीवर मी पुतळ्यासारखी उभी!

आरूचे पप्पा राजूरला कोळसा खाणीत. सुट्टी मिळाली की यायचे आणि आले की दुसऱ्या दिवशी आमचं भांडण ठरलेलं. एकदा भांडण चांगलं रंगात आलं होतं. मी त्यांच्या आईपर्यंत पोचले होते, ते माझ्या भावापर्यंत. तेवढ्यात खिडकीत शिट्टी.

“मध्यंतर!” पंचकाका बाहेरून बोलले. “दोघंही पाणी प्या.”

आम्ही दोघंही प्यालो, काय करणार.

“आता बाजू बदला. बाई, तू नवऱ्याकडून बोल. जावईबापू, तुमी बाईकडून. हं, सुरू!”

आरूच्या पप्पांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि हसायलाच लागले. मला इतका राग आला होता म्हणून सांगू! लग्न झाल्यापासूनचं इतकं चांगलं भांडण, या माणसानं वाया घालवलं.

पण आरूला त्यांनी लळा लावला. ती त्यांना आबा म्हणायची. रोज सकाळी अंगणात तिला पळवायचे, वाकवायचे, शेवग्याला खांब समजून त्याला धरून वळायला शिकवायचे. खो-खोचं सगळं त्यांनी तिला अंगणात शिकवलं, मग शाळेच्या संघात तिचं नाव आलं. शिकवताना कौतुक म्हणून करायचे नाहीत. इतर पोरींच्या आया विचारायच्या, कोण जिंकलं? पंचकाका विचारायचे, “टिकली काय?” खो-खोत पळणाऱ्याचं कामच ते, मागं लागलेल्याच्या हाती न लागता टिकायचं. आरू सांगायची, आज टिकली. कधी सांगायची, आज नाही टिकली. दोन्ही वेळेला ते सारखीच मान हलवायचे. मला ते कळायचंच नाही. मी म्हटलं, “काका, लेकरू बाद झालं तं जरा समजूत काढा नं तिची.”

“समजूत कायले काढू? बाद होनं काही बिमारी हाय काय?”

आरू सहावीत असताना शाळाशाळांच्या स्पर्धा लागल्या. मी मुद्दाम रजा टाकली. पंचकाका तारेच्या कुंपणापाशी उभे होते, कडक इस्त्रीत. आरू पहिल्याच तुकडीत पळायला उतरली. आणि काय सुंदर पळत होती हो! माझी पोरगी, जी घरात एका जागी बसून जेवत नाही, ती ओळीतून अशी सटकत होती की समोरच्या पोरी हवेत हात मारत होत्या. मी ओरडून ओरडून घसा बसवला.

मग मैदानातल्या पंचांची शिट्टी वाजली. समोरच्या पोरीनं काही चूक केली होती, तिच्यासाठी होती ती. खेळ थांबत नसतो त्यानं. पळणाऱ्यानं पळत राहायचं असतं.

आरू थांबली.

भर मैदानात, दोन्ही पाय जुळवून, हात खाली सोडून, ताठ उभी. मागं लागलेली पोरगीसुद्धा क्षणभर दचकली. मग तिनं चालत येऊन आरूच्या खांद्याला बोट लावलं. बाद! सगळं मैदान हसलं. पोरं हसली, बाया हसल्या, कोणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आम्ही घरी पोचायच्या आत माझ्या फोनवर आला, खाली लिहिलेलं, ‘दारव्ह्याचा पुतळा’. आमचा संघ थोडक्यात हरला होता आणि का हरला ते सगळ्यांनी व्हिडिओत बघून घेतलं होतं. आरू रस्ताभर माझा हात धरून चालली.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि डफडं वाजायला लागलं.

डफडेवाले दोघं, त्यांच्या पुढं पंचकाका, हातात झेंडूचा हार. ते आमच्या आधी निघाले होते, ते यासाठी! डफडं आमच्याकडे लग्नात वाजतं, नाहीतर मयतीत. शेजारच्या काकू पदर सावरत बाहेर आल्या, “कोन गेलं वो?” पंचकाकांनी हार आरूच्या गळ्यात घातला आणि डफडेवाल्यांना हात केला. फाटकापर्यंत मिरवणूक! लेकरू मधात, मान खाली, डोळ्यांतून पाणी, आणि हे वाजवून राह्यले ढाणढाण. लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आरूनं फाटकात हार काढून फेकला आणि पळत आत गेली.

मी डफडेवाल्यांना हाकललं आणि काकांवर तुटून पडले.

“डोस्कं फिरलं काय तुमचं? सारा गाव हासून राह्यला अन् तुमी वाजा आनता? लेकराच्या जिवाचं काही हाय का नाही?”

“जिंकलेल्यायची मिरवनूक सारेच काढतेत. हरलेल्याले घरी कोन आनते? म्हून मी आनलं.”

“सोताच्या पोरीले आनलं असतं काय असं?”

मी रागात बोलून गेले. त्यांना पोरगी आहे हे एवढंच मला माहीत होतं, वणीला दिली आहे म्हणून. काका ओट्याच्या पायरीवर बसले. मी त्यांना बसलेलं फारसं पाहिलंच नव्हतं.

“माह्या पोरीले मी आनलंच नाही,” ते म्हणाले. “हरून आली म्हून या फाटकाच्या भाईर उभं केलतं. आरूएवढीच होती. दिवेलागणीपर्यंत उभी होती ते. माय तिची मले हात जोडून राह्यली होती. मी म्हटलं, हारलेल्याले या घरात जागा नाही.”

हेच का ते टिकली काय विचारणारे? ज्या ओट्यावर मी रोज भाजी निवडत बसते, तिथून या माणसानं आपल्या लेकीला फाटकाबाहेर ताटकळत ठेवलं होतं?

“मंग?” मी कसंबसं विचारलं.

“मंग काय. आत घेतलं, जेवली. पन पुन्हा मैदानावर पाय नाही ठेवला तिनं. आता फोन करते, येत नाही. नात माही पळाले लय तेज हाय म्हनतेत. खेळू देत नाही ते तिले.”

दारात आरू उभी होती. कधी आली कळलं नाही. नाक पुसत म्हणाली, “आबा, मी भ्याली नव्हती. शिट्टी वाजली म्हून थांबली मी. घरी थांबते ना, तशी.”

पंचकाकांचा चेहरा असा पडला की मला वाटलं यांना आता काही होतं. त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला. मैदानावर कोणाला कळलं नव्हतं ते आता आम्हा तिघांना कळलं. इतकी वर्षं पंचगिरी केलेल्या माणसानं आपल्याच हातानं तयार केलेली पोरगी आपल्याच शिट्टीनं भर खेळात उभी केली होती. काकांनी शिट्टी गळ्यातून काढली, ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर घर असं शांत झालं की भीती वाटावी. नळ वाहत राहायचा, आम्हीच धावत जाऊन बंद करायचो. फाटकातून बकरी येऊन शेवग्याचा पाला खाऊन गेली, कोणी हटकलं नाही. गल्लीतले लोक विचारायला यायचे, काका आजारी आहेत का.

आरूनं सरावाला जाणं सोडलं. शाळेत पोरं तिला पाहिलं की ताठ उभी राहून दाखवत. मी समजावलं, हार-जीत चालतच असते बाई. ती म्हणाली, “तुहा व्हिडिओ निघाला होता काय कधी?” मी म्हटलं, मी रोज शिव्या खाते, कोणी सुट्ट्यावरून, कोणी जागेवरून, तरी दुसऱ्या दिवशी गाडीत चढतेच ना? ती म्हणाली, तुले पगार भेटते. शेवटी माझाच जीव थकला. शाळेतल्या सरांना फोन करून सांगितलं, तिचं नाव काढा. सर भले माणूस. म्हणाले, “पुढची स्पर्धा दिवाळीनंतर हाय. रविवारच्या सरावापर्यंत तिची जागा तशीच ठेवतो, ताई. नाही आली तर दुसरी पोरगी घ्यावी लागते.” मी म्हटलं, घ्या दुसरी. आरू ऐकत होती. तिनं पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

रविवारी सकाळी मी चहा ठेवला आणि खिडकीतून अंगणात पाहिलं. गाळणी हातातून सुटलीच माझ्या.

अंगणातल्या जुन्या सगळ्या रेषा झाडून काढलेल्या. नवीन आखणी. मधोमध एक लांब पट्टा, त्यावर चौकोन, आणि एका चौकोनात पंचकाका बसलेले. खो-खोत बसतात तसे, एक पाय पुढं, एक पाय मागं, हात जमिनीला टेकलेले. पाठ आमच्या दाराकडे. सत्तरीचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, देवळात खुर्चीवर बसणारा!

“काका! काय करून राह्यले हे? उठा!”

“उठता येत नाही. पाठीवर खो पडल्याशिवाय बसलेल्यानं उठलं तं फाऊल असते.”

मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं चला, संपवून टाकू. मागून गेले, पाठीवर हात ठेवला, मोठ्यानं म्हटलं, “खो!”

“फाऊल. तू संघात नाहीस.” मागं वळूनही पाहिलं नाही.

ऑक्टोबरचं ऊन होतं. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळीच डोकं तापतं. गल्लीत बातमी पसरली. सोयाबीनची पोती घेऊन चाललेला ट्रॅक्टर फाटकासमोर थांबला, ड्रायव्हर उभं राहून बघायला लागला. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. “बसलेल्या गड्याले चहा नसते,” म्हणून परत पाठवला. कोणी हसत होतं, कोणी म्हणत होतं डॉक्टरला बोलवा. पोरांनी मोबाइल काढले. काकांच्या कानामागून घाम गळत होता, मागचा पाय थरथरत होता, ते मला दिसत होतं. मी ओरडले, “वणीले फोन करते मी, तुमच्या पोरीले सांगते.” ते म्हणाले, “सांग.”

आणि मग माझ्या मागून आरू बाहेर आली. मला वाटलं ती विरघळली. कुठची! तणतणत आली होती.

“उठा ना आबा! लोकं व्हिडिओ काढून राह्यले!”

“काढू दे.”

“हासून राह्यले तुमाले!”

“मलेबी ऐकू येते. कान हायेत मले.” मग जरा दमानं म्हणाले, “आरू, तुह्याकून चूक झाली नाही. माह्याकून झाली. पन खेळ चालू हाय, अन् मी बसलेला हाय. आता तू पाह्य.”

आरू दात ओठ खात उभी होती. फाटकाकडे पाहिलं, तिथं तिच्याच वर्गातली पोरं. मग ती तरातरा चालत गेली आणि दोन्ही हातांनी काकांच्या पाठीवर इतक्या जोरात मारलं की मीच कळवळले.

“खो!”

काका उठायला गेले आणि उठता येईना. एक हात जमिनीला, एक गुडघ्याला. आरू धरायला वाकली तर म्हणाले, “मले नको धरू. जागा घे. माही जागा आता तुही.” कसेबसे उभे राहिले. आरू त्या चौकोनात बसली. आणि हा माणूस शेवग्याकडे निघाला! पळतोय म्हणावं तर पळणं नाही, चालतोय म्हणावं तर चालणं नाही, एक पाय ओढत, दात आवळत. गल्लीतलं हसणं केव्हा थांबलं मला आठवत नाही. झाडाला हात लावला, खांब समजून वळले, तोल गेला. मी धावले, त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं. तसेच पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूनं परत आले, आरूच्या मागं उभे राहिले, तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणि तोंडातून शब्द निघेना. साऱ्या गल्लीला वठणीवर आणणारा माणूस, ओठ हलत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आवाज नाही. मी आयुष्यात इतकी हबकले नव्हते. मीही रडायला लागले.

आरू हलली नाही. समोर बघत, मान न वळवता म्हणाली, “आबा, आवाज नाही आला. मी उठनार नाही.”

काकांनी श्वास घेतला.

“खो!”

पोरगी उठली ती सरळ फाटकातून बाहेर. घरातल्या कपड्यांवर, अनवाणी. पोरं बाजूला सरली. ट्रॅक्टरवाल्यानं उगीचच हॉर्न वाजवला. मी आपली ओरडतेय, “अवो चप्पल तं घाल!” काका त्याच चौकोनात मटकन बसले होते, शेजारच्या काकू त्यांना पाणी पाजत होत्या. घोट गिळून मला म्हणाले, “पाहून काय राह्यली? जा ना!”

मी गाउनवर ओढणी घेतली आणि निघाले. दारव्ह्याच्या रस्त्यानं कंडक्टरबाई गाउनमध्ये धावतेय, हे बघायला रविवारचा बाजार भरलेलाच होता. मला त्याचं काही नव्हतं. छातीत कळ येत होती, आणि एकच भीती, ही वाटेतून परत फिरली असेल तर?

शाळेच्या मैदानाच्या तारेपाशी पोचले. सराव चालू होता. ओळीत पोरी बसलेल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. सरांनी एक जागा मोकळी ठेवली होती, ती मला कुठं दिसेना. मग दिसली. तिथं आरू बसली होती. कोणाला काही न विचारता, धुळीनं भरलेल्या पायांनी, माझ्याकडे पाठ करून, मागून कोणीतरी येईल याची वाट बघत.